विज्ञान जत्रा आपल्या मोहल्ल्यात

चाकणच्या पुढे नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठले की जवळच खोडद आहे. त्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुले स्वतःचे प्रयोग मांडतात.

माझे म्हणणे एवढेच, की अशी जत्रा आपल्या मोहल्ल्यातही भरवू. समजावणारे बाहेरून कशाला? काळी काच डोळ्यांना अतिनील किरणांपासून कशी वाचवते, हे वेल्डिंग करणारा भाई सांगेल. पायाच्या चालीने चाक कसे फिरते, हे शिलाई मशीनवर अम्मी दाखवेल.

यंत्र चालवणारे हात आपले आणि ‘असे का?’ विचारणारे दुसरेच, हे किती दिवस चालणार? पहिला प्रश्न आपल्या मुलींना विचारू द्या.