ओढेल, पण थांबेल का?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चवथ जवळ आली की आम्हा पेडण्याच्या गाडीवाल्यांना एकच प्रश्न विचारला जातो : "एवढं सामान तुमची गाडी ओढेल ना?" मंडपाचे पत्रे, खुर्च्या, पाण्याची टाकी आणि मागे चाकांवरचा जनरेटर. आम्ही "ओढेल" म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण खरा प्रश्न वेगळा आहे. मालप्याच्या उतारावर, भर पावसात, एवढं वजन घेऊन ती गाडी थांबेल का?

माटोळी बांधताना आपण काय करतो? नारळ, सुपाऱ्या, फळं किती टांगायची ते ठरवण्याआधी वरचा वासा आणि दोरी बघतो. सगळ्यात कमकुवत दोरीवर माटोळीचं वजन ठरतं. गाडीचंही तसंच. इंजिन, ब्रेक, पाटे, टायर, हुक या सगळ्यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, ती त्या गाडीची मर्यादा.

आता हिशेब. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. समजा एका पिकअपचे हे आकडे १,७०० आणि २,९५० किलो आहेत. फरक १,२५० किलो. चालक आणि दोन मदतनीस यांचे २०० किलो वजा केले, १,०५० उरले. मंडपाचं सामान ९०० किलो चढवलं, १५० उरले. आता मागे १,२०० किलोची दोन चाकी जनरेटर ट्रॉली जोडली. अशा ट्रॉलीचं निदान दहावा हिस्सा वजन हुकावर यावं लागतं; म्हणजे १२० किलो पिकअपवरच आले. शिल्लक ३० किलो! आणि कोणी तरी म्हणतो, "टाकी भरूनच घेऊया." पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. हिशेब तिथेच मोडला.

हुकावरचं वजन फार कमी असलं तर ट्रॉली मागे डोलू लागते. फार जास्त असलं तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. म्हणून जड सामान ट्रॉलीच्या शेवटी ठेवू नये. चाकांच्या वर, किंचित पुढे ठेवावं. शिवाय गाडीने किती ओढावं हा आकडा निराळा असतो. तो कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. तिथे तो दिलेला नसेल तर त्या गाडीला मागे काही जोडू नये.

चढउताराचं गणितही सोपं आहे. आपल्या तालुक्यातून कोकण रेल्वे जाते. डोंगरात बोगदे खणून तिचा चढ साधारण दीडशे मीटरला एक मीटर इतकाच ठेवला आहे. त्या चढावर एका टनाला सुमारे सात किलोचा जादा ओढ लागतो. आपल्या रस्त्यांवर दहाला एक असा चढ आला, तर त्याच एका टनाला शंभर किलो. आणि जेवढं चढताना मागे खेचतं, तेवढंच उतरताना पुढे ढकलतं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ते सगळं पिकअपच्या ब्रेकवर येतं. ब्रेक तापले की पायाखाली पेडल असूनही गाडी ऐकत नाही. म्हणून उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा. न्यूट्रल तर कधीच नको.

ज्यांची मुलं परदेशात सुट्टीला गाडीमागे कॅरव्हॅन जोडून फिरतात, त्यांनीही हे त्यांना सांगावं. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि २,००० किलोंच्या वर तर सगळ्या चाकांना. आपल्याकडेही कायदा सौम्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

दंड भरता येतो. पण विसर्जनाच्या दिवशी त्याच गाडीत सामानावर आपलीच पोरं बसलेली असतात, त्यांचं काय? ती हिशेबात धरलेली नसतात. दहा पोरं म्हणजे पाच-सहाशे किलो, आणि तेही वर, तोल बिघडेल अशा जागी. मालगाडीत माणसं नकोत, हे मंडळानेच ठरवायला हवं. चालकाला त्या गर्दीत नाही म्हणणं जड जातं.

या दिवसांत भिजलेली वाळू, ओला चिरा, ओलं कापड नेहमीपेक्षा जड भरतं, हेही लक्षात असू द्या. गाडी सांगताना आम्हाला तीनच गोष्टी कळवा : सामान काय आहे, मागे काय जोडायचं आहे आणि वाटेत उतार कुठला आहे. आम्ही "दोन खेपा कराव्या लागतील" म्हटलं, तर भाडं वाढवायला म्हणतोय असं समजू नका. दुसऱ्या खेपेला लागतं ते डिझेल आणि तासभर वेळ. एवढी किंमत आपण आनंदाने देऊया.

गणपती बाप्पा मोरया!