मिर्झाराजांचा सल्ला

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त राजपुरा, बऱ्हाणपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बऱ्हाणपूरच्या लोकांना तापीची ओळख करून देण्याचे कारण नाही. शहराबाहेर तापी आणि मोहना यांच्या संगमावर जी छत्री उभी आहे, ती ‘राजाची छत्री’ म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. राजा कोणता असे विचारले, तर जाणते लोक अंबरच्या मिर्झाराजे जयसिंगांचे नाव सांगतात आणि बहुधा तेथेच थांबतात. शालेय पुस्तकांतही मिर्झाराजे पुरंदरच्या तहापुरते येतात व आग्र्याचे प्रकरण सुरू झाले की पडद्याआड जातात. त्यांचा शेवट याच गावात झाला आणि तो एका सल्ल्यामुळे ओढवला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. युद्ध करावे की तह करावा, शत्रूला जवळ करावे की संपवावे, याचा निर्णय राज्यकर्ता आणि त्याचे सल्लागार कसा करतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी दूरदेशीच्या राजधान्यांत जाण्याची गरज नाही. बऱ्हाणपूरच्या वेशीतून गेलेल्या एका माणसाच्या अडीच-तीन वर्षांत हा सारा विषय सामावलेला आहे.

शाहिस्तेखानाची फजिती १६६३ च्या एप्रिलात झाली. सुरत १६६४ च्या जानेवारीत लुटली गेली. त्याच वर्षी जसवंतसिंग कोंढाण्याखालून हात हलवीत परतला. तेव्हा औरंगजेबाने आपला सर्वांत अनुभवी सेनापती दक्षिणेवर धाडला. मिर्झाराजे पन्नाशी ओलांडलेले होते. बाल्ख-कंदाहारपासूनच्या मोहिमा त्यांनी पाहिल्या होत्या. पण औरंगजेबाला त्यांचा उपयोग तलवारीहून अधिक शब्दासाठी झाला होता. वारसायुद्धात जसवंतसिंगाला दाराच्या पक्षातून फोडले ते मिर्झाराजांच्या शब्दाने, बादशहाकडून माफीचे आश्वासन देऊन. आणि ते आश्वासन पुढे पाळले गेले. रजपूत राजा शब्द देतो आणि बादशहा तो खरा करतो, ही मोगल राज्याची एक मोठी ठेव होती. तोफखान्याची मोजदाद करता येते, या ठेवीची येत नाही. म्हणून ती किती खर्च झाली हे खर्च होऊन गेल्यावरच कळते.

१६६५ च्या जानेवारीत हंडियाजवळ नर्मदा उतरून मिर्झाराजे बऱ्हाणपुरास आले. खानदेश सुभ्याचे हे ठाणे म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांमधला उंबरठा. येथून पुढे गेलेल्या माणसाने काय पाहिले, हे राजधानीला केवळ त्याच्या पत्रावरून कळायचे. ही अडचण मिर्झाराजांनी पुरती ओळखली होती. रणांगणावर एक आणि मुलकी कारभारावर दुसरा, अशी दोन डोकी असली तर युद्ध चालत नाही, असे सांगून त्यांनी दक्षिणेतील किल्लेदार आणि खजिना यांच्यावरचा अधिकार मागून घेतला. औरंगजेबाने तो दिलाही. संशयी म्हणून प्रसिद्ध असलेल्या बादशहाने एवढी मोकळीक दिली, हे त्याच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे आहे.

मिर्झाराजांनी तलवार उपसण्यापूर्वी माणसे पाठविली. पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी, जव्हार-रामनगरकडील कोळी राजे, जावळीच्या मोऱ्यांचे वंशज, अफझलखानाचा मुलगा फाजलखान, ज्यांचे ज्यांचे शिवाजी महाराजांशी वैर होते त्या सर्वांशी बोलणी लावली. इटालियन प्रवासी मनूची तेव्हा त्यांच्या तोफखान्यात होता. त्यालाही कोळी राजांकडे वकिलीसाठी धाडले. छावणी टाकली ती सासवडला. कारण तेथून एक डोळा पुरंदरावर आणि दुसरा विजापुरावर ठेवता येत होता.

हे विजापूर मिर्झाराजांच्या साऱ्या विचाराचे केंद्र होते. त्यांच्या मुन्शी उदयराजने लिहिलेली फारसी पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात जपली गेली आणि यदुनाथ सरकारांनी ती इतिहासाच्या कामी आणली, म्हणून त्यांचा हिशोब आज समजतो. शिवाजी महाराज, आदिलशहा आणि कुतुबशहा हे तिघे एक झाले तर दक्षिण हातची गेली. म्हणून महाराजांना इतके दाबायचे नाही की ते आदिलशहाच्या गळ्यात पडतील, आणि इतके सैलही सोडायचे नाही की ते पुन्हा सुरतेवर जातील. वज्रगड पडला, मुरारबाजी पुरंदरावर धारातीर्थी पडले आणि ११ जून १६६५ रोजी महाराज स्वतः मिर्झाराजांच्या तंबूत आले. तेवीस किल्ले द्यावे, बारा ठेवावे. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळावी. खुद्द महाराजांना दरबारी चाकरीची सक्ती नसावी. याखेरीज आणखी एक कलम होते. विजापुरी कोकण आणि बालाघाट यांचा काही मुलूख महाराजांनी स्वतः जिंकून घ्यावा आणि त्याबद्दल बादशहाला तेरा हप्त्यांत चाळीस लाख होन द्यावे. या कलमामुळे महाराज आणि आदिलशहा यांच्यात कायमचे भांडण लागेल, याचा आनंद मिर्झाराजांनी बादशहाला लिहून कळविला. परराष्ट्रनीती म्हणतात ती याहून वेगळी नसते.

जूनमध्ये झालेल्या तहाला मंजुरीचे फर्मान निघाले ते सप्टेंबरात. मधल्या काळात सारा डोलारा एका माणसाच्या शब्दावर उभा होता. छावणीतही मतभेद होतेच. पुरंदराखाली महिनोन्महिने लढलेल्या दिलेरखानाला आपल्या डोक्यावरून तह झाल्याचे शल्य होते. ते काढण्यासाठी मिर्झाराजांनी महाराजांना मुद्दाम खानाच्या भेटीस पाठविले.

येथपर्यंत सल्लागार शहाणा आणि राज्यकर्ता समंजस, असे चित्र आहे. ते बिघडले विजापुरावर.

१६६५ च्या नोव्हेंबरात मिर्झाराजे विजापुरावर निघाले. शहर काही कोसांवर राहिले असता कळले की आदिलशहाने भोवतालच्या विहिरी निकामी केल्या आहेत, झाडे तोडली आहेत, दाणावैरण जाळली आहे. आणि वेढ्याच्या मोठ्या तोफा तर मिर्झाराजांनी घाईमुळे मागेच ठेवल्या होत्या. १६६६ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात फौज माघारी वळली. त्याच महिन्यात पन्हाळ्यावरचा महाराजांचा हल्ला फसला आणि नेताजी पालकर विजापूरकरांना जाऊन मिळाले. ज्या तिघांच्या एकीची मिर्झाराजांना धास्ती होती, ती एकी आता खरोखरच होईल असे दिसू लागले. छावणीत अपयशाचे खापर महाराजांवर फोडले जात होते. मनूची लिहितो की दिलेरखान त्यांना मारून टाकण्याच्या गोष्टी करीत होता.

अशा वेळी मिर्झाराजांनी बादशहाला सल्ला दिला की महाराजांना दरबारी बोलावून घ्यावे. या सल्ल्याकडे नीट पाहिले पाहिजे. ज्या तहात दरबारी चाकरीची माफी दिली होती, त्या तहाच्या कर्त्यानेच वर्षाच्या आत हा बेत मांडला. तो दूरदृष्टीतून निघालेला नव्हता. हाती घेतलेले युद्ध फसले म्हणून निघालेला होता. सल्लागार आपल्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी जो सल्ला देतो, तो त्याच्या नेहमीच्या सल्ल्यासारखाच शहाणा दिसतो. भाषा तीच, आत्मविश्वास तोच. राज्यकर्त्याला हा फरक ओळखता यावा लागतो, आणि आग्र्यात बसून तो ओळखणे सोपे नव्हते.

महाराजांनीही हा निर्णय एका दिवसात घेतला नसणार. त्यांनी मागची व्यवस्था कशी लावली, यावरून त्यांच्या विचाराची दिशा दिसते. जिजाबाईंच्या हाती सूत्रे, मोरोपंतांसारखे कारभारी त्यांच्या हाताशी, किल्ल्यांचा बंदोबस्त ज्याचा त्याच्याकडे. आपण परत आलो नाही तरी राज्य चालावे, हे गृहीत धरून आखलेली ही व्यवस्था होती. ५ मार्च १६६६ रोजी ते राजगडाहून निघाले. बादशहाने वाटखर्चाला एक लाख रुपये दिले आणि मिर्झाराजांनी त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला. तो शब्द पाळण्याची जबाबदारी दरबारात असलेल्या कुमार रामसिंगांवर, मिर्झाराजांच्या थोरल्या मुलावर आली.

१२ मे रोजी आग्र्यात जे घडले ते मराठी माणसाला पाठ आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती नको. दरबारातल्या मसलतीकडे मात्र आपल्याकडे दुर्लक्ष होते. जयपूर दरबारच्या वकिलांनी राजस्थानीत लिहून पाठविलेल्या पत्रांतून ती दिसते. यदुनाथ सरकार आणि सीतामऊचे रघुबीरसिंह यांनी ही पत्रे प्रकाशात आणली. वजीर जाफरखानाची बायको शाहिस्तेखानाची बहीण. भावाची बोटे तुटल्याचे दुःख तिच्या घरात होते. शाहजादी जहांआराला सुरतेच्या बंदराचे उत्पन्न. लुटीची झळ तिला लागलेली. जसवंतसिंगाला आपले अपयश सलत होते. प्रत्येकाजवळ कडक शासनाची मागणी करण्यास कारण होते आणि त्यांतले एकही कारण राज्याच्या हिताचे नव्हते. दक्षिण पाहिलेला, तेथील हिशोब मांडू शकणारा माणूस मात्र शेकडो कोसांवर होता.

महाराजांना किल्लेदाराच्या ताब्यात देण्याची, संपविण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा रामसिंगांनी मीरबक्षी मुहम्मद अमीनखानामार्फत सांगितले की महाराज आमच्या वचनावर आले आहेत. त्यांना मारायचे असेल तर आधी आम्हांला मारा. बादशहाने रामसिंगांकडून जामीन लिहून घेतला आणि दक्षिणेत पत्र धाडून मिर्झाराजांना विचारले की तुम्ही नेमकी कोणती वचने दिली होती? उत्तर आले की पुरंदरच्या तहात आहेत तीच, अधिक काही नाही. पुढे मिर्झाराजांनी असेही लिहिले की त्यांना मारण्यात किंवा कैदेत टाकण्यात लाभ नाही. पण दक्षिणेतली परिस्थिती पाहता त्यांना लगेच परतही पाठवू नये.

या सल्ल्याचे दोन अर्धे होते. पाहुण्याला बोलवावे, हा एक. त्याचा मान राखून त्याला आपला करावा, हा दुसरा. औरंगजेबाने पहिला घेतला आणि दुसरा सोडला. बोलावलेच नसते तर महाराज दक्षिणेत राहिले असते आणि तहाची ओढाताण चालू राहिली असती. सन्मानाने वागविले असते तर कदाचित आणखी एक बडा मनसबदार मिळाला असता. अर्थात महाराज त्यात रमले असते असे मानणे धाडसाचे होईल. अर्ध्या सल्ल्याने मात्र बादशहाच्या हाती असा पाहुणा आला, की ज्याला मारता येईना, सोडता येईना आणि सांभाळताही येईना. काबूलला धाडण्याची टूम निघाली आणि विरली. फुलादखान कोतवालाचे पहारे बसले. तीन महिने बादशहा ठरवू शकला नाही. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराजांनी त्याच्या वतीने निर्णय करून टाकला.

त्यानंतरची मिर्झाराजांची पत्रे वाचवत नाहीत. रामसिंगांना दरबारात येण्याची बंदी झाली, मनसब गेली. विजापूरच्या स्वारीत घरची तिजोरीही रिकामी झालेली. अशा मनःस्थितीत त्यांनी जाफरखानाला एक पत्र लिहिले. महाराजांना भेटीस आणण्याची तजवीज करतो, म्हणजे वाटेत संधी साधता येईल, असे त्यात आहे. आणि बादशहाची परवानगी असेल तर लोकांच्या निंदास्तुतीची पर्वा न करता त्यांच्या मुलीशी आपल्या मुलाचे लग्न ठरविण्याचे बोलणेही लावतो, असेही आहे. ज्यांच्या वचनासाठी मुलाने आपला जीव पुढे केला होता, त्याच बापाने मुलाच्या लग्नाचा सापळा करण्याची तयारी दाखविली. याला दुष्टपणा म्हणणे सोपे आहे. पण एकदा ज्याच्या सल्ल्यावरचा विश्वास उडाला, तो सल्लागार पुन्हा विश्वास मिळविण्यासाठी धन्याला रुचेल तेच बोलू लागतो. मिर्झाराजांसारखा मानी माणूसही त्याला अपवाद ठरला नाही. ज्या दरबाराने पूर्वी त्यांच्याकडून खरे ऐकले होते, त्याने त्यांना या पायरीवर आणले. दोष कोणाचा अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१६६७ मध्ये शाहजादा मुअज्जम दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला आणि मिर्झाराजांना परत बोलावणे आले. ज्या वाटेने ते अडीच वर्षांपूर्वी पूर्ण अधिकार घेऊन गेले होते, त्याच वाटेने परत निघाले. पावसाळ्यात बऱ्हाणपुरास पोहोचले आणि येथेच वारले. विषप्रयोगाच्या कथा तेव्हापासून सांगितल्या जातात. संशय कोणी मुन्शी उदयराजवर घेतो, कोणी मुलगा कीरतसिंगावर. अशा कथांना पुरावा लागतो, आणि खचलेल्या, आजारी माणसाच्या मृत्यूला विष लागतेच असे नाही.

वडील गेल्यावर औरंगजेबाने रामसिंगांना पुन्हा जवळ केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आसामच्या मोहिमेवर नेमले. १६७१ मध्ये सराईघाट येथे अहोमांनी त्यांची फौज परतविली. इकडे महाराजांनी १६७० पासून तहात दिलेले किल्ले एकामागून एक परत घेतले आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला.

१६८१ च्या जानेवारीच्या अखेरीस हंबीरराव मोहिते यांची फौज बऱ्हाणपुरावर आली आणि तटाबाहेरील बहादूरपुरा व इतर पुरे तिने लुटले. त्याच वर्षी शाहजादा अकबर बापाविरुद्ध उठून संभाजीराजांच्या आश्रयाला गेला. आता दक्षिणेत कोणाला पाठवावे, हा प्रश्न औरंगजेबाने सल्लागारांपुढे ठेवला असेल तर त्याचे उत्तर त्याने स्वतःच दिले. नोव्हेंबर १६८१ मध्ये तो जातीने बऱ्हाणपुरास आला. काही महिने तापीकाठी मुक्काम करून तो औरंगाबादेकडे गेला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण येईपर्यंत पुन्हा नर्मदा ओलांडून उत्तरेला गेला नाही.