गाण्याच्या मागचा ढोल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

या मालिकेची अट सोपी वाटते, पण ती घाम फोडणारी आहे. एक संगीतकार घ्यायचा, त्याचं एक दशक घ्यायचं आणि त्या दशकातल्या चित्रपटांपैकी एकाच चित्रपटाचं संगीत निवडायचं. दोन नाही, एकच. मला निमंत्रण आलं तेव्हा संगीतकाराचं नाव लगेच ठरलं, पंडित हृदयनाथ मंगेशकर. दशकही ठरलं, १९७०चं. अडलं ते पुढंच.

कारण या दहा वर्षांत, त्यातही शेवटच्या चार वर्षांत, या माणसानं मराठी चित्रपटाला काय काय दिलं ते पाहा. १९७६मध्ये वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. १९७७मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ आणि डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’. मग १९७९मध्ये पुन्हा जब्बार पटेलांचाच ‘सिंहासन’. हे चार चित्रपट एकाच संगीतकाराचे आहेत, हे नवख्या माणसाला सांगून पटणार नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा हा शिष्य कधी कोळीगीतं करतो, कधी मीरेची भजनं करतो, आणि प्रत्येक वेळी नवाच माणूस वाटतो.

यातला ‘हा खेळ सावल्यांचा’ मी आधी पाहिला, तो सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये. मी शहादा तालुक्यातला. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा आम्हा पोरांची दिवाळी. त्या तंबूत, थंडीत कुडकुडत, ‘काजल रातीनं’ ऐकलं आणि रात्री घरी जाताना मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. सुधीर मोघ्यांचे शब्द, आशाबाईंचा आवाज. त्याच चित्रपटात ‘गोमू संगतीनं’मध्ये काशिनाथ घाणेकरांसाठी चक्क हेमंतकुमार मराठीत गायले. बंगाली गळ्यातून आलेला तो कोकणी खट्याळपणा आजही कुणालाही गुणगुणायला लावतो.

‘चानी’ची गोष्ट आणखी वेगळी. चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी, आणि त्यांच्याच, म्हणजे आरती प्रभूंच्या, शब्दांना लताबाईंचा स्वर. खानोलकर १९७६मध्ये गेले, चित्रपट त्यानंतर आला. ‘सिंहासन’मध्ये सुरेश भटांची ‘उषःकाल होता होता’ आहे. त्या एका गाण्यानं पुढं कितीतरी मोर्चे आणि सभा पेलल्या.

मग निवडायचं कसं? मी एक साधी कसोटी लावली. चित्रपटातून संगीत काढून घ्यायचं आणि उरतं काय ते बघायचं. ‘सिंहासन’मधून गाणं काढलं तर हळहळ वाटेल, पण अरुण साधूंची कथा आणि तेंडुलकरांची पटकथा ठाम उभी राहील. ‘हा खेळ सावल्यांचा’मधून गाणी काढली तर भीती कमी होईल, गोष्ट समजेल. ‘जैत रे जैत’मधून गाणी काढली तर? काहीच उरत नाही. तिथं गोष्टच गाण्यांतून पुढं जाते. नाग्या आणि चिंधी बोलतात थोडं. त्यांच्या मनातलं, डोंगरातलं, वाडीतलं सगळं रवींद्र साठे, चंद्रकांत काळे आणि त्यांचे साथीदार गाऊन सांगतात. मध्येच लताबाई, आशाबाई, उषाबाई येतात. चित्रपटाची निर्मितीही उषा मंगेशकरांचीच. १९७७चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे निवड झाली म्हणायची. पण श्रोतेहो, माझी ही निवड एकदा मोलगीत चांगलीच नापास झाली होती. आज खरं तर मला तेच सांगायचं आहे.

१९८०च्या दशकात मी शिक्षक म्हणून मोलगीला गेलो. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता. तो १ जुलै १९९८ला झाला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले. अक्कलकुव्याहून एस. टी. देवगोईचा घाट चढायची आणि मोलगीच्या बाजारात उतरवायची. आजूबाजूला सातपुड्याच्या रांगा, बाजारात भगर, आमचूर आणि मोहाची फुलं. माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी. विजेचा भरवसा नव्हता म्हणून सेलचा खर्च पगारातून वेगळा काढून ठेवत असे.

कॅसेटींमध्ये ‘जैत रे जैत’ होतीच. मी हा चित्रपट धुळ्याला शिकत असताना पाहिला होता, आणि माझी समजूत अशी की हे अस्सल आदिवासी संगीत. मनात म्हटलं, आता आपण योग्य जागी आलो. ही गाणी इथलीच.

शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मी मुलांचा नाच बसवला. गाणं अर्थातच ‘आम्ही ठाकर ठाकर’. पोरं चपळ, चार दिवसांत पाठ. कमरेला पानं गुंडाळली, तोंडाला रंग लावला, हातात काठ्या दिल्या. साहेब लोक खूष झाले. टाळ्या पडल्या. मीही कॉलर ताठ करून उभा.

कार्यक्रम संपल्यावर एका मुलाचे आजोबा माझ्याकडं आले. आसपासच्या पाड्यांत ढोल वाजवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. तिकडं गुरुजींनाही ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर नसतो. ते म्हणाले, “गुरुजी, नाच चांगला केला तू. पण ही पोरं कोणाची होती?”

मी म्हटलं, “तुमचीच की.”

“नाही. गाण्यात तर ती ठाकर होती.”

आणि ते निघून गेले. रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भिल्लांच्या, पावरांच्या पोरांना मी चारशे-पाचशे किलोमीटर लांबच्या ठाकरांचं सोंग दिलं होतं. तेही खऱ्या ठाकरांचं नाही, चित्रपटातल्या. आणि ज्या गावांत ढोल घराघरांत टांगलेला, तिथं मी नाचासाठी टेप वाजवला होता. माझ्या लेखी आदिवासी म्हणजे सगळे एकच. शिक्षक मी, पण धडा मलाच शिकायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो. त्यांनी चुकीची चर्चा केली नाही. म्हणाले, “होळीला काठीला ये.”

मोलगीजवळचं काठी हे जुन्या संस्थानाचं गाव. तिथली राजवाडी होळी आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली आहे. रात्रभर डोंगरांतून माणसं येत राहतात. बुध्या झालेली मंडळी अंगावर राखेचे ठिपके काढतात, कमरेला भोपळे बांधतात, डोक्याला मोरपिसं लावतात. त्याआधी कित्येक दिवस त्यांनी व्रत पाळलेलं असतं. त्याला पाळणी म्हणतात. होळी पेटते ती पहाटे. तोवर ढोल, पावा आणि घुंगरू.

मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. एका ढोलाशेजारी उभा राहून तासाभराची कॅसेट भरली. खोलीवर येऊन लावली तर नुसता गोंगाट. कुठं सुरू होतं, कुठं संपतं, काही कळेना. मी आजोबांना बोलावून ती ऐकवली. ते हसले. मग मी त्यांना ‘जैत रे जैत’ ऐकवली, कॅसेटची एक पूर्ण बाजू. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हा ढोल गाण्याच्या मागं चालतो. आमचं गाणं ढोलाच्या मागं चालतं.”

श्रोतेहो, चित्रपटसंगीतावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतक्या थोडक्यात इतकं नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. सातपुड्यात रात्रभर नाचायचं असतं. तिथं ढोल पायांना उचलतो, गाणं त्यावर येतं आणि जातं. चित्रपटाचं गाणं तीन-चार मिनिटांचं. ते खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी असतं. तिथं शब्द ऐकू आले पाहिजेत, गोष्ट कळली पाहिजे, आणि ढोलानं बाजूला सरून वाट दिली पाहिजे. हृदयनाथांनी ढोल घेतला, तो गाण्याच्या मागं चालवला. त्यांना तसंच करायचं होतं.

मग मी ती कॅसेट नव्या कानांनी ऐकायला लागलो. कोणाची आहे ही निर्मिती? कथा गो. नी. दांडेकरांची. दिग्दर्शक जब्बार पटेल, दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ. नाग्या झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. चिंधी झालेली स्मिता पाटील म्हणजे आपल्या खान्देशची लेक. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे. आणि शब्द ना. धों. महानोरांचे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्यात शेती करणाऱ्या कवीचे. यात ठाकर कोण? कुणीच नाही. महानोरांनी ठाकरी बोली रंगवण्याचा आव आणला नाही. त्यांनी आपल्या शिवारातले पाऊस, पाखरं आणि झाडं त्या डोंगरात नेली. हृदयनाथांनीही कुणाचं लोकगीत उचलून आपल्या नावावर लावलेलं वाटत नाही. या चाली त्यांच्याच आहेत. लताबाईंचं ‘मी रात टाकली’ घ्या. एकटीचा आवाज वर जातो आणि मागून पुरुषांचा समूह त्याला धरून राहतो. एका बाईचं मन आणि तिच्याभोवतीची वाडी, दोन्ही एकाच गाण्यात दिसतात. हे पाड्यावर ऐकून मिळणारं नाही, ते रचावं लागतं.

म्हणजे ज्या कारणासाठी मला हे संगीत आवडत होतं, ते कारणच खोटं होतं. अस्सल आदिवासी संगीत म्हणून मी ते डोक्यावर घेतलं होतं. आता ते रचलेलं आहे म्हणून आवडायला लागलं. चूक संगीताची नव्हती, ते नको तिथं, नको त्या नावानं वापरणाऱ्याची होती.

पुढच्या वर्षी संमेलनाच्या आधी मी आजोबांकडं गेलो. म्हटलं, यंदा होळीचा नाच बसवू. ते म्हणाले, “होळीचा नाच होळीलाच. लग्नातला बसवू.” व्रताचा नाच रंगमंचावर न्यायचा नसतो, हेही मला सांगावं लागलं. ते स्वतः ढोल घेऊन आले. तो एवढा मोठा की शाळेच्या दारातून आत येईना. आडवा केला, तिरपा केला, जमेना. शेवटी कार्यक्रमच बाहेर मैदानात घेतला. अर्ध्या तासाचा नाच दीड तास चालला. पाहुण्यांची भाषणं राहून गेली. मुलांच्या आया, मावश्या, मोठे भाऊ, सगळे त्यात शिरले. त्या दिवशी पोरं कोणाची, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

पण त्यामुळं माझी कॅसेट धूळ खात पडली असं समजू नका. पावसाळ्यात देवगोईच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात. एस. टी.चे दिवे भरदिवसा लावावे लागतात. अशाच एका संध्याकाळी मी खोलीवर ‘नभ उतरू आलं’ लावलं होतं. आजोबा नातवाची चौकशी करायला आले होते. दारात घोंगडी झटकत उभे राहिले. त्यांना मराठी थोडी कळायची, कवितेची मराठी तर त्याहून कमी. गाणं संपलं तसे म्हणाले, “पुन्हा लाव.” मी मागं फिरवून लावलं. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी सेल उतरले, आशाबाईंचा आवाज जाड होत होत थांबला. ते उठले आणि म्हणाले, “हिला ढोल नको.” खरंच होतं. त्या गाण्यात स्वरच भरून येतो आणि खाली उतरतो, त्याला पाय लागत नाहीत.

एवढी वर्षं झाली. स्मिता पाटील १९८६मध्ये गेली. २०२३च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले. आजोबाही आता नाहीत. त्यांचा नातू, तोच, त्या पहिल्या वर्षी काठी घेऊन नाचलेला, होळीला ढोल वाजवतो. मधे एकदा त्याचा फोन आला. मागं गडगडाट ऐकू येत होता. “गुरुजी, पाऊस उतरला बघ घाटात,” एवढंच म्हणाला. तोही मला ‘तू’च म्हणतो.

तर अटीप्रमाणं माझी निवड सांगतो. संगीतकार पंडित हृदयनाथ मंगेशकर, दशक १९७०चं, चित्रपट ‘जैत रे जैत’. काठीच्या ढोलाशी त्याची तुलना कृपया करू नका. तो ढोल ऐकायचा तर होळीला काठीला जा, आणि टेपरेकॉर्डर घरी ठेवा. हे संगीत मात्र घरी, दिवा मालवून, शांत बसून ऐका. दोन्ही ऐकलंत तर मी मोलगीत जे शिकलो, ते तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.