सशाचा कान आणि आपलं बीपी

बीपी म्हटलं की आपल्याकडे आधी मीठ आठवतं, मग टेन्शन. मिठावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंविषयी.

१८५१ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतला एका बाजूचा मज्जातंतू कापला. त्याच बाजूचा कान लालबुंद झाला, हाताला गरम लागू लागला. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी कापलेल्या तंतूला वीज लावली, तर कान फिका आणि गार पडला! म्हणजे हे तंतू वाहिन्यांना अष्टौप्रहर थोडं आवळूनच धरतात. हे 'थोडं' साधं नाही बरं का. बारीक वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, तर रक्ताला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो.

गळ्यातल्या धमनीत दाबावर पहारा असतो. दाब चढला की मेंदूला वर्दी जाते आणि वाहिन्या सैलावतात. पण दाब बराच काळ चढा राहिला की पहारेकरी त्या चढ्या आकड्यालाच नेहमीचा समजू लागतात.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळांच्या गोळ्या दिल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्याचा वृत्तान्त लिहिला. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१मध्येच सर्पगंधेविषयी लिहिलं होतं. पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखामुळे. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळांतून रेसर्पिन वेगळं काढलं. वाहिनी आवळण्यासाठी तंतूच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिनचा साठा असतो. रेसर्पिन तो रिता करतं. दाब उतरतो, पण नाक चोंदतं, कारण नाकातल्या वाहिन्याही सैलावून फुगतात. चोंदलेलं नाक कुणीही सोसलं असतं; काहींना उदासीनं घेरलं, आणि चांगल्या गोळ्या आल्यावर हे औषध मागे पडलं.

आजही काही गोळ्या ही आवळ सैल करतात. आपण उभे राहिलो की पायांतल्या वाहिन्यांनी लगेच आवळायचं असतं. या गोळ्यांमुळे ते नीट होत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सकाळी आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उठा. तरीही अंधारी येत राहिली, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका; डॉक्टरांना सांगा. उभं राहूनही बीपी मोजायला सांगा.