पाणी खालूनच सोडा

आकाशवाणीने मला ऊर्ध्वपातनावर, म्हणजे द्रवाची वाफ करून ती गार करून पुन्हा द्रव मिळवण्यावर, बोलायला सांगितलंय. मी त्यातल्या एकाच नळीवर बोलणार आहे, ती म्हणजे कंडेन्सर.

मोदकपात्राचं झाकण उचललं की आतून पाणी ठिबकतं. गार झाकणाला लागून वाफेचं पाणी झालेलं असतं. प्रयोगशाळेतही हेच होतं. फक्त थेंब परत खाली न पडता दुसऱ्या भांड्यात जावेत म्हणून काचेची तिरकी नळी, आणि तिच्याभोवती गार पाण्याचं वेष्टन. हा लीबिग कंडेन्सर. खरं तर असं वेष्टन वायगेल या रसायनशास्त्रज्ञांनी १७७१ सालीच मांडलं होतं, रसायनशास्त्रज्ञ लीबिग जन्मले १८०३ मध्ये! लीबिग यांनी ते रूढ केलं, म्हणून नाव त्यांचं.

आता नीट ऐका. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. त्याचीच वाफ करायला आणखी ५४०! म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट. या ५४० कॅलरी टाकल्याशिवाय वाफ पाणी होत नाही. त्या वाहून नेणं हे कंडेन्सरचं काम. पुन्हा सांगतो, वाहून नेणं. गोव्यात फेणीच्या जुन्या भट्टीवर, वाफ उतरते त्या मडक्यावर गार पाणी ओतत राहतात, ते यासाठीच.

पाणी कुठून सोडायचं? खालून. वरून सोडलं तर ते एका बाजूने घरंगळतं, वेष्टन अर्धं रिकामं राहतं. खालून सोडलं की हवा वर रेटली जाते, वेष्टन काठोकाठ भरतं. शिवाय सर्वांत गार पाणी शेवटी निसटू पाहणाऱ्या वाफेला भेटतं. म्हणून खालून. वरून नाही, खालून.

आणि मुलांनो, नळ धो धो सोडू नका! एक लिटर पाणी ऊर्ध्वपातित करताना ५४ लिटर पाणी १० अंशांनी तापतं. तेच २० अंशांनी तापू दिलंत तर २७ लिटरांत भागतं. बारीक धार पुरते. मे महिन्यात रत्नागिरीत टँकरची वाट बघणाऱ्यांना विचारा पाण्याची किंमत! बादलीत छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवा. ईथर मात्र ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. उन्हाळ्यात टाकीचं कोमट पाणी त्याला पुरत नाही, तिथे बर्फ हवा.

दीडशे अंशांच्या वर उकळणाऱ्या द्रवांना तर पाणी नकोच, काच तडकते. नुसती हवा पुरते. गुंडाळीचे, फुग्यांचे कंडेन्सर राहिलेच, पण वेळ संपल्याची पलीकडून खूण झाली. तेवढं लक्षात ठेवा, पाणी खालून.