विरहाची मुदत



व्हिसा हा शब्द आतां मराठी घरांना परका राहिलेला नाहीं. ज्यांच्या नात्यागोत्यांत परदेशीं गेलेलें कोणीच नाहीं, अशीं सुशिक्षित घरें मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शोधूनच काढावीं लागतील. मुलगा अमेरिकेंत असला म्हणजे लग्न ठरवितांना पंचांगाइतकाच वकिलातींतील मुलाखतींच्या तारखांचा विचार करावा लागतो. आणि मुहूर्त व मुलाखत यांपैकीं अधिक दुर्मिळ काय, हें एखाद्या वधूपित्यासच विचारावें. लग्न होतें, नवरा पुढें जातो, वधू कांहीं काळ मागें राहते आणि व्हिसा हातीं आला म्हणजे तीहि जाते, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांतील मधल्या काळाकडे आपण फारसें लक्ष देत नाहीं. आज त्या मधल्या काळाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण मध्यंतरीं तो इतका लांबला कीं, त्याला शेवट केव्हां येणार हें कोणासच सांगतां येईना.

ही गोष्ट २०२० सालच्या मार्च महिन्यांत सुरू झाली. करोनाची साथ पसरूं लागली तेव्हां १३ मार्चपासून भारतानें परदेशीयांचे बहुतेक व्हिसे स्थगित केले. २० मार्चला अमेरिकेनें जगभरच्या आपल्या वकिलातींतील व्हिशाचें नित्याचें काम थांबविलें. २३ मार्चपासून आपल्याकडील आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानें बंद झालीं आणि २५ मार्चला देशभर टाळेबंदी आली. बारा दिवसांच्या आंत एकामागून एक अशीं चार दारें लागलीं. साथ भयंकर होती. दारें लावण्यास कारण होतें, याविषयीं माझा वाद नाहीं. परंतु दार लागलें त्या क्षणीं नवरा एका बाजूस व बायको दुसऱ्या बाजूस अशीं किती कुटुंबें होतीं, याचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती.

हीं कुटुंबें मुख्यत्वेंकरून दोन प्रकारचीं होतीं. पहिल्या प्रकारांत कायम वास्तव्यासाठीं जाणारीं. त्यांचा मार्ग असा : अमेरिकेंतील जोडीदारानें अर्ज करावयाचा, तो मंजूर झाल्यावर न्यू हॅम्पशायर संस्थानांतील पोर्ट्समथ येथल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे विवाहाचे, उत्पन्नाचे, पोलिसांच्या दाखल्याचे सगळे कागद पोंचते करावयाचे, केंद्रानें ते पुरे आहेत असें म्हटलें म्हणजे मुलाखतीसाठीं रांगेंत उभें राहावयाचें. भारतांतील अशा मुलाखती सामान्यतः मुंबईच्याच कचेरींत होत. मुलगी कोचीची असो वा लुधियान्याची, तिला वांद्रें-कुर्ला संकुलाची वाट धरावी लागे. हें एक दार लागलें म्हणजे साऱ्या देशाचें दार लागलें.

दुसऱ्या प्रकारांत नोकरीच्या एच-वन-बी व्हिशावर गेलेले लोक व त्यांच्या एच-फोर व्हिशावरील बायका अथवा नवरे. यांचा संसार तिकडे आधींच मांडलेला होता. पण अमेरिकेंत राहण्याची परवानगी आणि पासपोर्टावरील व्हिशाचा शिक्का या दोन वेगळ्या वस्तु आहेत. आंत असेपर्यंत पहिली पुरते; एकदां बाहेर पाऊल पडलें कीं परत शिरण्यास दुसरा लागतो. भावाच्या लग्नासाठीं वा वडिलांच्या आजारपणासाठीं जीं माणसें फेब्रुवारी-मार्चमध्यें इकडे आलीं आणि ज्यांचा शिक्का संपलेला होता, तीं अडकून पडलीं. भाड्याचें घर तिकडे, मोटार तिकडे, नवरा तिकडे. आणि बायको माहेरीं दोन बॅगांनिशीं. क्वचित् असेंहि झालें कीं, तिकडे जन्मलेल्या तान्ह्या मुलाला नागरिक म्हणून जाण्याची मोकळीक होती, परंतु त्याच्या आईला नव्हती.

यावर आणखी एक भर पडली. २२ एप्रिल २०२० रोजीं अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ट्रंप यांनीं, साथीमुळें वाढलेल्या बेकारीचें कारण देऊन, कायम वास्तव्यासाठीं येणाऱ्यांपैकीं अनेक वर्गांना बंदी केली. तींतून नागरिकांच्या पतिपत्नींना व एकवीस वर्षांखालील मुलांना वगळलें होतें. परंतु ग्रीन कार्डधारकांच्या पतिपत्नींना वगळलें नव्हतें. सप्तपदी दोघांचीहि सारखीच. तथापि एकीचा नवरा नागरिक आणि दुसरीचा केवळ कायम रहिवासी, एवढ्या भेदानें एकीचें प्रकरण रांगेंत राहिलें व दुसरीचें रांगेबाहेर गेलें. २२ जूनच्या दुसऱ्या जाहीरनाम्यानें एच-वन-बी व एच-फोर या व्हिशांवरहि निर्बंध आले. ज्यांचा जोडीदार आधींच अमेरिकेंत होता त्यांच्यासाठीं पुढें अपवाद सांगण्यांत आले हें खरें. पण अपवादाचा लाभ घेण्यासाठीं जी मुलाखत हवी, तिचीच तारीख मिळेना. पहिली बंदी २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं नवे अध्यक्ष बायडन यांनीं उठविली. दुसरी ३१ मार्च २०२१ रोजीं मुदत संपून आपोआप गेली.

ग्रीन कार्डधारकांच्या पतिपत्नींची थट्टा दैवानें विशेष निष्ठुरपणें केली. त्यांच्या वर्गाला दरवर्षीं ठराविक जागा असतात, आणि त्यामुळें पूर्वीं वर्षानुवर्षें तिष्ठावें लागे. जुलै २०१९ पासून हा अडसर दूर होऊन त्यांचा क्रमांक खुला झाला होता. आणि दहा महिन्यांच्या आंत त्यांच्यावर बंदी आली! बरें, न वापरलेल्या जागा पुढच्या वर्षीं त्यांनाच मिळतील म्हणावें, तर कायदा तसा नाहीं. सप्टेंबरअखेर कुटुंबवर्गांतील ज्या जागा शिल्लक राहतात, त्या पुढील वर्षीं नोकरीवाल्यांच्या वर्गांत जातात. २०२० च्या अखेरीस अशा सुमारें १ लक्ष २२ हजार जागा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत गेल्या. त्यांचा लाभ अमेरिकेंत वर्षानुवर्षें खोळंबलेल्या अनेक भारतीय नोकरदारांना झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु एकाच मराठी घरांत थोरल्याला ग्रीन कार्ड मिळालें त्याच वर्षीं धाकट्याची बायको मुंबईंतच राहिली, असें घडण्यासारखा हा हिशेब होता.

जुलै २०२० पासून कचेऱ्या हळूहळू उघडूं लागल्या. पण अंतर राखून बसावयाचें म्हणजे प्रतीक्षालयांत पूर्वींच्या मानानें थोडींच माणसें मावत, आणि कायम वास्तव्याच्या व्हिशाला प्रत्यक्ष मुलाखतीवांचून गत्यंतर नसे. परिणाम असा झाला कीं, जानेवारी २०२० मध्यें कागद पुरे करून मुलाखतीची वाट पाहणारीं सुमारें ७५ हजार प्रकरणें जगभरांत होतीं, तीं मार्च २०२१ च्या आरंभीं अमेरिकन परराष्ट्र खात्यानें दिलेल्या आंकड्याप्रमाणें ४ लक्ष ७३ हजारांवर गेलीं. रांग सहापट झाली. कागदांनाहि वय असतें. वैद्यकीय तपासणी सामान्यतः सहा महिन्यांनीं शिळी होते; मग पुन्हां ठरीव डॉक्टर, पुन्हां छातीचा फोटो, पुन्हां शुल्क. माणसांच्या वयाची मोजदाद मात्र कोणत्याच रकान्यांत होत नव्हती. तिशी उलटलेल्या स्त्रीला दोन वर्षें थांबविणें म्हणजे काय, हें प्रत्येक आईला समजतें. फायलीला तें समजत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, विरह आपल्याकडे नवा का आहे? गिरण्यांच्या काळांत कोंकणांतील आणि घाटावरील हजारों बायकांनीं नवऱ्यापासून दूरच आयुष्य काढलें. खरें आहे, आणि तें सुखाचें होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, हें घरच्या पोरासोरांनाहि ठाऊक असे. त्या वाट पाहण्याला तिथि होती. मेघदूतांतील यक्षाचेंच पाहा. स्वामीच्या शापानें त्याला एक वर्ष पत्नीपासून दूर राहावें लागलें. पण विष्णु शेषशय्येवरून उठतील त्या दिवशीं शाप संपणार आणि आतां चारच महिने उरले, असा निरोप तो मेघाबरोबर धाडूं शकला. कुबेरानें शाप दिला, पण मुदतहि सांगितली. आपल्या काळांतील जोडपीं रोज एकमेकांचें तोंड पडद्यावर पाहत होतीं, इकडची सकाळ व तिकडची रात्र यांची सांगड घालून बोलत होतीं. आणि तरीहि यक्षाला सांगतां आलें तेवढें एक वाक्य त्यांना सांगतां येत नव्हतें.

माझें म्हणणें एवढेंच आहे. वकिलात बंद करावी लागते, हें मान्य. पण बंद दाराआड रांग कोठवर आली आहे आणि कोणाचा क्रम केव्हां लागेल, हें सांगण्याचें काम बंद करण्याचें कारण नसतें. हें करतां येतें, याचा पुरावा अमेरिकन परराष्ट्र खात्यानेंच दिला. ३० एप्रिल २०२१ रोजीं त्यानें प्राधान्याचा क्रम जाहीर केला : प्रथम दत्तक मुलें व वयोमर्यादा ओलांडण्याच्या बेतांत असलेलीं मुलें इत्यादि, मग नागरिकांचे पतिपत्नी व नियोजित वधूवर, मग कुटुंबांतील इतर वर्ग. हा क्रम कोणास आवडो वा न आवडो, आपण कोठें उभे आहों हें त्यावरून माणसाला समजलें. पण काम थांबल्यापासून याला तेरा महिने लागले.

आणि वकिलाती केवळ साथीमुळेंच बंद होतात असें नाहीं. तेहरानमधील अमेरिकेची वकिलात १९७९ पासून बंद आहे; इराणी जोडप्यांना मुलाखतीसाठीं अंकारा वा येरेवान गांठावें लागलें आहे. २०१७ मध्यें हवानांतील कर्मचारी कमी केल्यावर क्यूबांतील पतिपत्नींना आधीं कोलंबियांत व नंतर गयानांत जावें लागलें. हवानांतील हें काम पूर्णपणें सुरू होण्यास २०२३ चा जानेवारी उजाडला. ज्यांच्या देशांत व्हिशाची कचेरीच नाहीं अशांना त्या खात्याच्या भाषेंत ‘बेघर’ म्हणतात. शब्द कठोर आहे. पण निदान कोणत्या परक्या गांवीं जावयाचें हें तरी त्यांना सांगितलें जातें. खर्चाची तजवीज करतां येते, कर्ज काढतां येतें. अनिश्चिततेसाठीं मात्र कोणतीच पेढी कर्ज देत नाहीं.

शेवटीं आपल्या घरांविषयीं एक शब्द. अशी सून वा लेक घरांत असली म्हणजे येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘मग, कधीं जाणार?’ प्रश्न मायेचाच असतो. पण ज्याचें उत्तर तिच्या हातीं नाहीं तो दिवसांतून चार वेळां ऐकणें ही शिक्षा आहे. तिचें शिक्षण, तिची नोकरी, तिचा दिनक्रम हीं जाण्याच्या दिवसापर्यंत बांधून ठेवलेल्या सामानांत टाकूं नयेत. ती पाहुणी नव्हे. येथें जातो तोहि तिच्या आयुष्याचाच काळ आहे.

रेशनच्या दुकानांत साखर आली नाहीं तर दुकानदार फळ्यावर खडूनें लिहितो : माल अमुक दिवशीं येईल, अमुक क्रमांकापर्यंत वाटप होईल. लोक कुरकुरत घरीं जातात, पण जातात. दारांत उभें राहून दिवस घालवीत नाहींत. जगांतील थोर थोर राष्ट्रांच्या वकिलातींनीं दार लावण्यापूर्वीं तेवढा फळा बाहेर टांगावा, अशी अपेक्षा करणें फार होईल असें मला वाटत नाहीं.