हरवलेल्यांची विचारपूस

(नागभीड येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, ही नावं आपल्यातल्या अनेकांनी ऐकली असतील. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं या मायलेकी पश्चिम महाराष्ट्रात लेकरं पळवत होत्या, मारत होत्या. १३ बालकांच्या अपहरणाचा खटला दोघी बहिणींवर चालला. किमान पाच बालकांचे खून वरच्या न्यायालयातही शाबीत झाले. त्यातलं क्रौर्य सर्वांच्या लक्षात राहिलं. मला मात्र एकच प्रश्न छळतो. सहा वर्षं हे खपलं कसं?

त्यांचा धंदा गर्दीतल्या चोरीचा. देवळात, जत्रेत, बसस्थानकावर पाकिटं आणि दागिने मारायचे. एकदा रेणुका चोरी करताना सापडली, तेव्हा तिचं स्वतःचं मूल जवळ होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशाला करेल, म्हणून लोकांनी तिला सोडून दिलं. कडेवर लेकरू असलं की आपल्यावर कुणी संशय घेत नाही, हे या बायकांनी तिथेच हेरलं. मग दुसऱ्यांची लेकरं उचलायला सुरुवात झाली.

कोल्हापुरात त्यांनी एका भीक मागणाऱ्या बाईचं लहान मूल उचललं. पुढे १९९१ साली महालक्ष्मीच्या देवळाजवळ सीमा चोरी करताना पकडली गेली. लोक जमले. तेवढ्यात अंजनाबाईने ते लेकरू जमिनीवर आपटलं. रक्त पाहून लोक लेकराकडे धावले आणि सीमा सुटली. लेकरू रडायचं थांबेना, तेव्हा अंजनाबाईने त्याचं डोकं विजेच्या खांबावर आपटून त्याचा जीव घेतला. त्या गर्दीत भली माणसं नव्हती असं नाही. पण हे मूल कुणाचं, ही बाई त्याची कोण, त्याला दवाखान्यात कोण नेणार, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. आणि त्या लेकराची आई भिकारीण. ती कुठल्या ठाण्यात जाणार, आणि गेली तरी तिचं कोण ऐकणार?

या मायलेकी सापडल्या कशा, तेही पाहा. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला होता. सूड म्हणून १९९५ मध्ये त्यांनी त्याची नऊ वर्षांची मुलगी पळवून मारली. दुसऱ्या मुलीवरही त्यांचा डोळा होता. पण या लेकरांमागे घर होतं, नाव-गाव होतं, संशय कुणावर आहे हे सांगणारी माणसं होती. १९९६ मध्ये या बायका पकडल्या गेल्या आणि मग एकेक गुन्हा उघडकीस आला. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. ज्या लेकरांमागे कुणी बोलणारं नव्हतं, त्यांचे खून तोवर दडूनच राहिले होते.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. इंग्लंडमध्ये हॅरल्ड शिपमन नावाचा डॉक्टर वर्षानुवर्षं आपल्याच म्हाताऱ्या रुग्णांना अफूच्या जातीचं औषध टोचून मारत होता. २००० साली त्याला १५ खुनांबद्दल शिक्षा झाली. नंतरच्या सरकारी चौकशीत बळींचा आकडा २१५ निघाला. म्हातारं माणूस गेलं, वय झालंच होतं, असं म्हणून गाव गप्प बसत होतं. एका वृद्धेच्या बनावट मृत्युपत्राबद्दल तिची वकील मुलगी हटून बसली, तेव्हा डॉक्टर सापडला. मुंबईत १९६८ साली पकडला गेलेला रामन राघव याचे बळीही बहुतेक फुटपाथवर आणि झोपड्यांत निजणारे गरीब होते. अशा खुन्याला आपण फार हुशार समजतो. खरं तर ज्याची विचारपूस होणार नाही, असंच माणूस तो निवडतो. त्याची हुशारी एवढीच. बाकीचं काम आपलं दुर्लक्ष करतं.

नागभीडला हे सांगण्याचं कारण आहे. धान निघालं की आपल्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. सोबत लेकरं असतात. तिथे एखादं पोर किंवा एखादी बाई दिसेनाशी झाली, तर घरचे म्हणतात, येईल. ठेकेदार म्हणतो, पळून गेली असेल. भाषा परकी, ठाणं परकं, रोजी बुडण्याची भीती. दिवस निघून जातात.

कायदा आता पूर्वीसारखा लुळा नाही. १० मे २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून पोलिसांना फिर्याद नाकारता येत नाही. ज्या ठाण्यात जाल तिथे ती लिहून घ्यावी लागते. १०९८ हा लेकरांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक आहे. पण तक्रार घेऊन जाणारा पाय आपलाच लागतो.

गावित मायलेकींच्या शिक्षेचं काय झालं, तेही सांगतो. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. दोघी बहिणींची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने जवळजवळ आठ वर्षं घालवली आणि त्या दिरंगाईपायी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. फाशी असो की जन्मठेप, ती खुनानंतरची गोष्ट. लेकरू वाचवायचं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी उठायला हवं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कामाला कोण गेलं, कुणासोबत गेलं, सोबत किती लेकरं आहेत, ठेकेदाराचा फोन कोणता, हे ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवा. परत येताना तीच वही उघडून माणसं मोजा. एक जरी कमी भरलं, तर पोलीस पाटलाला घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जा. ते घर आपल्या जातीचं नसेल, आपल्या पक्षाचं नसेल, त्या माणसाला दारूचं व्यसन असेल, तरीही जा.